तुम्ही कुणाचे?

गुरुवार, २३ मे २०२४

मेलबर्नला धाकट्या बहिणीकडे गेले, तिथे शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलेला पहिलाच प्रश्न मला कळला नाही. ‘हू डू यू बॅरॅक फॉर?’ बरॅक म्हणजे आपल्याकडे पोलीस लाइनीतली, एवढंच मला ठाऊक. मी आपली हसून ‘फाइन, थँक्यू’ म्हणाले. आत येऊन सांगितलं तर धाकटी पोट धरून हसली. “ताई, त्या विचारतायत, फुटीत तुझी टीम कुठली? इथे जात विचारत नाहीत, हे विचारतात.”

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, लंबवर्तुळाकार मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, एकच गुण. थोडक्यात, नेम चुकल्याचंही काहीतरी पदरात पडतं. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं, त्याआधी जिल्ह्याकडून खो-खो खेळले. चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ पहिल्यांदाच पाहत होते.

धाकटीचं घर टार्नीटला, शहराच्या पश्चिमेला. रस्त्यात निम्मी घरं आपल्या लोकांची. तिथून गाडी पकडून एमसीजी गाठलं. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला इथे नुसतं ‘द जी’ म्हणतात. एक लाख माणसं मावतात. मैदान दाखवायला ब्लेझर घातलेले एक निवृत्त गृहस्थ आले. हे काम ते फुकट करतात. मेलबर्न क्रिकेट क्लबच्या सभासदत्वाची यादी इतकी लांब की पोर जन्मलं की नाव घालून ठेवायचं, नंबर लागेपर्यंत त्याचं लग्न झालेलं असतं.

मी मैदानाच्या मध्यावर खेळपट्टी शोधत होते. नव्हतीच. हिवाळाभर इथे फुटी. क्रिकेटची खेळपट्टी बाहेर वाढवतात आणि मोसम आला की उचलून आणून बसवतात. १८७७ च्या मार्चमध्ये पहिली कसोटी इथेच झाली. चार्ल्स बॅनरमनने २४५ पैकी १६५ धावा एकट्याने केल्या आणि ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. शंभर वर्षांनी शतकमहोत्सवी कसोटी भरवली, तीही ४५ धावांनीच. मला मात्र आठवला तो १९८१ चा गावस्कर. पायचीत दिल्यावर चिडून चेतन चौहानलाही ओढत निघाला होता. सीमारेषेवर व्यवस्थापकांनी चौहानला थांबवलं, आणि मग कपिलने पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ८३ त गुंडाळलं. रेडिओला कान लावून बसलेले बाबा आठवले. मार्गदर्शकांना सांगितलं तर म्हणाले, “हो, मी होतो त्या दिवशी.” एवढंच. मनाला फार लागलं असावं.

बाहेर टॉम विल्सचा पुतळा आहे. १८५८ साली दोन शाळांमधल्या फुटबॉलच्या सामन्यात पंचगिरी करताना. क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग मोकळं ठेवावं म्हणून त्याने हा खेळ सुचवला आणि पुढच्या वर्षी चौघा-पाचजणांनी बसून नियम लिहिले. पुतळ्यापासून थोडं पुढे गेलं की बागेत जुनी झाडं आहेत, सालीवर लांबट व्रण असलेली. आदिवासींनी होड्या-ढाली करायला साल काढली त्याच्या खुणा. मैदानापेक्षा झाडं जुनी. ब्लेझरवाल्यांच्या फेरीत ती नव्हती. मेव्हण्यांनी दाखवली.

शुक्रवार

सकाळी ट्रामने अल्बर्ट पार्क. तळ्यात काळे हंस. तिथल्या लेकसाइड स्टेडियमपाशी पीटर नॉर्मनचा पुतळा आहे, तो मला बघायचाच होता, कारण हा माणूसही माझ्यासारखाच पी.टी.चा मास्तर.

१९६८, मेक्सिको. दोनशे मीटरच्या शर्यतीनंतर दोन काळे अमेरिकन धावपटू, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, वर्णद्वेषाच्या निषेधात काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर करून उभे आहेत, ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यात पुढे उभा असलेला गोरा कोण, हे कुणी विचारत नाही. तो नॉर्मन. रौप्यपदक, २०.०६ सेकंद. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता. स्मिथच्या जोडीतला एकेक दोघांनी घाला, हे सुचवलं नॉर्मनने. आणि छातीवर त्यांच्यासारखाच मानवी हक्कांचा बिल्ला लावून उभा राहिला. १९७२ च्या ऑलिम्पिकला त्याला पाठवलं नाही. का पाठवलं नाही, यावर इथे अजून भांडणं होतात. २००६ साली तो गेला तेव्हा खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस अमेरिकेहून आले. संसदेने माफी मागितली २०१२ त, पुतळा उभा राहिला २०१९ त. मेल्यावर पुतळे उभारण्यात आपणच पुढे, असं मला वाटायचं.

त्याचा तो २०.०६ चा राष्ट्रीय विक्रम छप्पन्न वर्षं टिकला. मी परत आल्यावर, त्याच डिसेंबरात, सोळा वर्षांच्या गौट गौटने २०.०४ मध्ये तो मोडला. आईवडील दक्षिण सुदानमधून आलेले. धाकटीने रात्री अकराला व्हिडिओ पाठवला, मी तीनदा पाहिला.

दुपारी व्हिक्टोरिया पार्क. कॉलिंगवुड क्लबचं हे जुनं मैदान, १८९२ पासून १९९९ पर्यंतचं. आता सगळ्यांना खुलं. जुने स्टँड तसेच, समोर लोक कुत्री फिरवतात. आजींनी स्वतःहून बरोबर यायचं ठरवलं. त्या कॉलिंगवुडच्या, गळ्यात काळा-पांढरा मफलर. बाकावर बसल्या आणि बोटाने एक कोपरा दाखवला. “मी तिथे बसायचे. वडिलांबरोबर. मग नवऱ्याबरोबर. मग एकटी.”

१७ एप्रिल १९९३ ला याच मैदानावर सेंट किल्डा क्लबच्या आदिवासी खेळाडूला, निकी विनमारला, प्रेक्षकांनी दिवसभर वंशावरून शिव्या दिल्या. सामना संपल्यावर, जिंकल्यावर, त्याने त्या प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर उचलली आणि पोटाच्या कातडीवर बोट ठेवलं. मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर गेलं. दोन वर्षांनी एसेंडन क्लबच्या मायकेल लाँग या आदिवासी खेळाडूने अशीच शिवी मुकाट्याने सोसायला नकार दिला आणि मग मैदानावरच्या वंशद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम झाला.

मी आजींना विचारलं, तुम्ही होता?

“होते.” बराच वेळ काही नाही. एक कुत्रं चेंडू घेऊन आमच्या पायाशी आलं आणि गेलं. मग म्हणाल्या, “मी ओरडले नाही. पण तुला खरं सांगू, मला काही वेगळं ऐकूही आलं नाही. रोजचंच होतं ते. ट्रामच्या आवाजासारखं.” २०२१ साली क्लबने नेमलेल्या समितीनेच क्लबात वंशद्वेष मुरलेला आहे असा अहवाल दिला. आजींनी तो अख्खा वाचला. मफलर मात्र सोडला नाही. “क्लब बदलता येत नाही गं. नवरा बदलता येतो.”

शनिवार

रात्रीच्या सामन्याची तयारी सकाळपासून. भाचा नऊ वर्षांचा, रिचमंडचा कट्टर. मेव्हण्यांचं पहिलं भाड्याचं घर त्या भागात होतं म्हणून. त्या मोसमात रिचमंड तळाला होती. मी म्हटलं, जिंकणारी टीम घे की एखादी. पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला आईबाप बदलायला सांगितलंय.

मेच्या अखेरीस रिचमंड आणि एसेंडन एमसीजीवर ‘ड्रीमटाइम’चा सामना खेळतात, २००५ पासून. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाचा. त्या आठवड्याला सर डग निकोल्स यांचं नाव आहे. हे आदिवासी, फिट्झरॉयकडून खेळले. त्याआधी कार्लटन क्लबने कातडीमुळे परत पाठवलं होतं. पुढे साऊथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. सामन्याआधी फेडरेशन स्क्वेअरपासून मैदानापर्यंत लोक चालत जातात. २००४ साली मायकेल लाँग आपल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन पंतप्रधानांना भेटायला मेलबर्नहून कॅनबेराच्या वाटेला पायी लागला होता, त्याची ही आठवण. आम्हीही चाललो. वारी म्हणायला फार लहान, पण बाबागाडीतली पोरं, काठीवरच्या म्हाताऱ्या, मध्येच कुणाच्या तरी हातात चहाचा थर्मास, हे सगळं ओळखीचं.

आत सत्तर हजारांवर माणसं. आणि दोन्ही बाजूंचे शेजारी-शेजारी बसलेले, मध्ये ना जाळी ना पोलीस. दिवे मालवले, धूर केला, नाच झाले, आणि मग पंचाने चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवला. पहिली दहा मिनिटं मला फक्त गर्दी दिसली. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. चेंडू धरून बसलेल्या खेळाडूला विरोधकाने मिठी मारली की अख्खं मैदान एका दमात ओरडतं, “बॉऽऽल!” पंचाला सांगतात, शिट्टी वाज. एकाच अक्षराची ही आरोळी ऐकून माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारून ‘खो’ दिल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वेळेला मी उठून उभीच राहिले. धाकटीने शाल ओढून खाली बसवलं.

मध्यंतरात मेव्हणे कुंपणाजवळच्या एका जागेकडे बघून म्हणाले, आदिवासी खेळाडू ॲडम गुडस्‌चं इथेच झालं. २४ मे २०१३, म्हणजे काल अकरा वर्षं झाली. तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याला ‘एप’, म्हणजे माकड, म्हटलं. त्याने थांबून बोट दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, पोरीला दोष देऊ नका. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलेला, २०१४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. तरी, किंवा म्हणूनच, २०१५ च्या मोसमात मैदानोमैदानी त्याच्या हातात चेंडू गेला की हुर्यो. तो त्या वर्षी निवृत्त झाला, निरोपाच्या मिरवणुकीलाही आला नाही. लीगने २०१९ मध्ये माफी मागितली.

“तुम्ही तेव्हा मैदानावर होता?” मी विचारलं.

“होतो. बाकीचे ओरडत होते. मला वाटायचं, त्याने एकदा सोंग करून फ्री किक मिळवली होती, त्यावरून असेल. नवा होतो हो ताई. लोक हसले की हसायचं, ओरडले की ओरडायचं. आपलेपणा असाच मिळवायचा असतो असं वाटायचं.” तुम्ही ओरडलात का, हे मी विचारलं नाही.

रिचमंड हरली. भाचा गाडीत ढसाढसा रडला आणि रडतारडता झोपला.

रविवार

सकाळी आठ, सहा अंश, चिखल. नऊ वर्षांपर्यंतच्यांचा सामना. मेव्हणे पिवळं जॅकेट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. त्यासाठी मुलांसोबत काम करायला पात्र असल्याचं सरकारी कार्ड काढावं लागतं, पोलीस नोंदी तपासून देतात. धाकटीची पाळी सॉसेजच्या शेगडीवर. पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा, टोमॅटो सॉस, संपलं. शाकाहारी मला कांदा-पाव मिळाला. एका बापाच्या हातात दोन पांढरी निशाणं, गोल झाला की दोन्ही फडकवायची, बिहाइंडला एक. तो बाप पेशाने सर्जन आहे असं कळलं. निशाणं चुकवल्याबद्दल एक आठ वर्षांची मुलगी त्याला झापत होती.

या वयात गुण अधिकृतपणे मोजत नाहीत. फलक कोरा. पण मैदानावरच्या कुठल्याही पोराला विचारा, आकडा तोंडपाठ.

त्या झापणाऱ्या मुलीकडे मी बराच वेळ पाहत होते. वेणी जर्सीत खोचलेली, स्वतःहून दीड फूट उंच पोराला कमरेला धरून आडवं पाडलं आणि उठून नाक पुसलं. तिच्या आईने सांगितलं, ती स्वतः लहानपणी अशीच खेळायची. बारा-चौदाव्या वर्षी मुलांच्या संघातून बाहेर, आणि मुलींचा संघ पंचक्रोशीत नाही. मग नेटबॉल. मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१७ मध्ये. पहिला सामना कार्लटन-कॉलिंगवुड, फुकट प्रवेश, २४,५६८ माणसं आत आणि दारं बंद करावी लागली. “मी बाहेर राहिलेल्यांत होते,” ती म्हणाली, “कुंपणाला लागून रडत होते. आत काय चाललंय दिसत नव्हतं.” माझा खो-खो दहावीनंतर सुटला नाही तो केवळ आमच्या बाई घरी येऊन आजीशी भांडल्या म्हणून. लग्नानंतर सुटला, तेव्हा भांडायला बाई नव्हत्या. २०२० च्या महिलादिनी टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत बघायला एमसीजीवर ८६,१७४ लोक आले होते. आपण ८५ धावांनी हरलो. टीव्हीपुढे मी हरल्याचं विसरून गर्दीच बघत बसले होते.

संध्याकाळी टीव्हीवर दुसरा सामना. दर थोड्या वेळाने सट्ट्याची जाहिरात, हसरी तरुण पोरं, मोबाइलवर अंगठा. भाच्याला तीन कंपन्यांच्या जिंगल पाठ, आणि कुणाचा ‘भाव’ काय तेही. जुगारात माणशी सर्वांत जास्त पैसा घालवणारा देश हाच. २०२३ मध्ये खासदार पीटा मर्फी यांच्या समितीने ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींवर टप्प्याटप्प्याने पूर्ण बंदी सुचवली. त्याच वर्षाअखेर त्या कॅन्सरने गेल्या. मी गेले तेव्हा जाहिराती जोरात चालू होत्या. लीग आणि वाहिन्या दोघांनाही तो पैसा हवा आहे. धाकटीने उठून आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं.

सोमवार

भाच्याने शाळेला दांडी मारली. कारण माझ्या हट्टासाठी मेव्हण्यांनी रजा काढली होती: हॅरो. साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, ग्लेनेल्ग नदीकाठचं छोटंसं गाव.

बॅलॅरॅट, स्किप्टन, डंकेल्ड. वाटेतल्या प्रत्येक गावात तेच: एक लंबवर्तुळ, चार उंच-बुटके खांब, शेजारी नेटबॉलचं कोर्ट. देऊळ दिसत नाही, हे दिसतं. डंकेल्डला जेवायला थांबलो ते तासभर जास्तच. ग्रॅम्पियन्सचे डोंगर समोर आणि मीट पायवर मेव्हण्यांचा तिसरा हात. दुकानातल्या बाई गप्पिष्ट. शनिवारी सगळा गाव गाड्या सीमारेषेला नाक लावून उभ्या करतो, थंडीत आतच बसून सामना बघतो, आणि आपला गोल झाला की सगळे मिळून हॉर्न. आता शेतं मोठी झाली, माणसं कमी झाली, पोरं शहरात. अठराजण जमेनात म्हणून शंभर वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी गावं एका जर्सीत. “रंग कुणाचे घ्यायचे यावरून लग्नं मोडायची वेळ आली होती,” म्हणाल्या.

त्या तासामुळे हॅरोला पोचेपर्यंत साडेचार वाजून गेले. चूक आमचीच. उन्हं रेड गमच्या झाडांच्या शेंड्यांवर गेलेली. आधी दफनभूमीत गेलो.

इथे जॉनी मुल्ला आहे. खरं नाव उनारिमिन. मेंढ्यांच्या वाड्यावर काम करताना क्रिकेट शिकलेला आदिवासी. १८६६ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, एमसीजीवर आदिवासींचा संघ उतरला, प्रशिक्षक होता तोच टॉम विल्स, ज्याच्या बापाला पाचच वर्षांपूर्वी क्वीन्सलँडमध्ये आदिवासींनी मारलं होतं आणि बदल्यात गोऱ्यांनी कितीतरी पटींनी माणसं मारली होती. असा माणूस त्यांना बॅट धरायला कसा शिकवायला गेला, हे मला त्याच्या पुतळ्यापुढे उभं राहूनही उमगलं नव्हतं. १८६८ मध्ये हा संघ इंग्लंडला गेला. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला पहिला क्रीडासंघ. ४७ सामने, १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. लॉर्ड्‌सवर मुल्लाच्या ७५. खेळ संपल्यावर त्यांना बूमरँग फेकून दाखवावी लागे. डिक-अ-डिक नावाचा गडी अंगावर फेकलेले चेंडू ढालीने चुकवून पैसे मिळवी. किंग कोल लंडनमध्येच वारला. परत आल्यावर वर्षभरात कायदा झाला, आदिवासींनी कुठे राहायचं ते सरकार ठरवणार. संघ विखुरला.

मुल्ला इथेच परतला, मेंढ्या कातरत आणि गावाकडून खेळत राहिला. १८९१ मध्ये गेला. एकदा दुसऱ्या गावी सामना असताना त्याला इतरांबरोबर जेवायला-झोपायला जागा नाकारली, तो रात्रभर उघड्यावर राहिला, असं सांगतात.

मला आपल्याकडचा दलित गोलंदाज पळवणकर बाळू आठवला. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची फिरकी हवी होती, पण चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. त्याचा पुतळा मी कधी पाहिलेला नाही. शाळेत अठ्ठावीस वर्षांत मी त्याचं नाव एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. मुल्लाच्या नावाने आता बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला पदक देतात. १८६८ च्या संघाच्या पट्ट्याच्या बक्कलाची प्रतिकृती. पहिलं, २०२० साली, मिळालं अजिंक्य रहाणेला, ११२ धावांसाठी. मुलगा डोंबिवलीचा. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “मावशी, बाबांनी मला आधीच सांगितलंय. दहा वेळा.”

तिथून मैदानावर. मुल्लाच्या नावाचंच. कुणीही नव्हतं. गवत ओलं, दूर कुठेतरी कूकाबरा पक्षी खिदळत होता. भाच्याने डिकीतून चेंडू काढला. “दोन्ही हातांत असा उभा धर. उंच उडवू नको, सोड. आणि पायाच्या वरच्या भागाने मार.” मी सपाता काढल्या, पदर खोचला. पहिला चेंडू माझ्या नडगीवर. दुसरा गेला गाडीकडे. चौथ्याला काहीतरी जुळलं. पायावर बसला तेव्हाच कळलं. चेंडू उलटा फिरत वर गेला, उंच खांबाच्या बाहेरून वळला आणि बुटक्या खांबाच्या फटीतून पडला.

भाच्याने एक हात हलवून एकच निशाण दाखवलं. “बिहाइंड! वन पॉइंट!”

आणि सीमारेषेला नाक लावून उभ्या गाडीत बसलेल्या मेव्हण्यांनी त्या रिकाम्या अंधारात हॉर्नवर हात ठेवला तो काढेचनात.

“बाबा!” पोरगं कमरेवर हात ठेवून ओरडलं. “बिहाइंडला हॉर्न नसतो वाजवायचा!”